शाई लावण्याआधी

मला एक सवत होती. काळी-पांढरी, चौकोनी, आणि रोज सकाळी दाराच्या फटीतून न विचारता घरात शिरणारी. वर्तमानपत्राच्या मागल्या पानावरचं शब्दकोडं. साधं नव्हे हं, गूढ! साधं कोडं सोडवणाऱ्याकडे माझा नवरा नेव्हिल ज्या नजरेनं बघायचा, त्या नजरेनं मी फक्त कपात आधी दूध ओतणाऱ्या माणसाकडे बघते.

आम्ही ऑटलीची माणसं, इंग्लंडातल्या यॉर्कशरची. नेव्हिल छपाईयंत्रांच्या कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडला, नेव्हिल निवृत्त झाला, कोडं मात्र रोज कामावर हजर. सकाळी टोस्ट, मार्मलेड, बिनसाखरेचा चहा आणि कोडं. मग जी घरं रिकामी राहिली असतील ती घेऊन स्वारी बाजारचौकातल्या कॅफेत. तिथे क्लिफ बसलेला असायचा. क्लिफ त्याचा कारखान्यापासूनचा दोस्त. भला माणूस, पण डोक्यानं जरा सैल. उत्तर भलतंच सांगणार आणि त्याचं कारण त्याहून भलतं. मग नेव्हिल त्याची चूक दाखवणार. या दोघांनी उभ्या जन्मात दुसरं काही बोलल्याचं मला आठवत नाही.

ज्यांना या रोगाची लागण नाही त्यांच्यासाठी सांगते. कोड्यातली प्रत्येक ओळ लबाड असते. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो, आणि उरलेल्या भागात तो शब्द कसा जुळवायचा त्याची कृती. पण सांधा कुठे आहे ते दिसू देतील तर शपथ! आमच्या पेपरात 'घुबड' या टोपणनावानं कोडं घालणारा एक होता, तो तर ताकास तूर लागू द्यायचा नाही. एकदा मी ओट्यापाशी अंडी तळत होते आणि नेव्हिलनं ओळ वाचली, "गजर बिघडला तरी निकड आहेच. तीन अक्षरी."

"गरज," मी म्हटलं.

"कसं?"

"कसं म्हणजे? बसतंय ना तीन घरांत?"

"बसतंय गं. पण कसं?"

हे असं. मला उत्तरं यायची. कुठून यायची देव जाणे, पण यायची, आणि बरेचदा त्याच्या आधी यायची. पण घरात कायदा त्याचा होता. कोडं पेनानं भरायचं, पेन्सिल म्हणजे भित्र्यांचं काम. आणि उत्तर कसं आलं ते सांगितल्याशिवाय शाई लावायची नाही. मी कुठली सांगतेय! मग तोच अक्षरांवर बोट ठेवून सांगायचा, "बघ मेव्हिस, निकड म्हणजे गरज, हा झाला सरळ अर्थ. गजर बिघडला म्हणजे त्याची अक्षरं विस्कटली. ग-ज-र. ग-र-ज." तोवर माझी अंडी करपलेली.

त्या 'कसं'नं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "तुझ्या थडग्यावर हेच कोरून घेणार आहे मी," मी म्हणायचे, "इथे नेव्हिल हॉलिस झोपला आहे. कसं?" तो हसायचा आणि टोस्टची कडक कड मोडून माझ्या ताटलीत ठेवायचा. मला कड आवडते.

मार्चमध्ये, डॅफोडिल उमलायच्या दिवसांत, त्याला अर्धांगवायूचा झटका आला. टेबलापाशीच. हातातून पेन गळलं आणि तोंडाची एक बाजू ओघळली. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि वाचा गेली ती सगळीच गेली.

हॉस्पिटलात त्याला बोलतं करायचं काम रोवेना नावाच्या एका तरुण बाईकडे होतं. मुलगी वाईट नव्हती. ती त्याच्यापुढे चित्रांचे पत्ते मांडायची, कप, किल्ली, कंगवा. "मिस्टर हॉलिस, यातली किल्ली कुठली ते दाखवाल?" नेव्हिल डोळे मिटून घ्यायचा. आयुष्यभर यंत्रांच्या पोटात हात घालून बसलेला माणूस, त्याला विचारतायत किल्ली कुठली! पण हे मी मनात म्हणत होते. खरं सांगायचं तर मलाही धास्ती वाटायला लागली होती.

"ते दाखवत नाहीत की त्यांना दाखवता येत नाही, हे मला कळायला हवं, मिसेस हॉलिस," रोवेना एकदा बाहेरच्या बाकावर मला म्हणाली. "शुक्रवारी दुपारी आमची बैठक आहे. सांगितलेलं समजतंय असं दिसलं, तर त्यांना शिकवणीच्या वॉर्डात घेऊ, चालणं-जेवणं पुन्हा शिकवायला. तिथून घरी. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"नाहीतर शुश्रूषागृह."

म्हणजे डोंगरापलीकडचं. खुर्चीत बसवायचं, तोंड खिडकीकडे करायचं, गुडघ्यावर घोंगडी टाकायची. मी दोन बस बदलून जाणार आणि तो मला ओळखतोय का हे नर्सला विचारणार.

"त्याला सगळं समजतंय," मी म्हटलं.

"तुम्हाला कशावरून वाटतं?" तिनं अगदी मऊपणानं विचारलं.

मला ठाऊक होतं, एवढंच. उत्तर माझ्याकडे होतं, पण कसं ते नव्हतं.

शेवटी सवतीलाच शरण गेले. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचं कोडं घेऊन गेले, सोबत त्या दिवशीचा पेपर, त्यात उत्तरं छापून येतात ना. त्याला तर बोलता येत नव्हतं, मग उगाच जिवाला ताण कशाला? मी ओळ वाचायची, लगेच उत्तर वाचायचं, पुढची ओळ, पुढचं उत्तर. नेव्हिलनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याच्या पुढच्या दिवशी तर डाव्या हातानं पेपर पलंगाखाली ढकलून दिला. नेमकी रोवेना दारात उभी. तिनं काहीतरी टिपून घेतलं. मी बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले.

या सगळ्यात क्लिफ कुठे होता म्हणाल तर तो एकदाच येऊन गेला होता. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून त्यानं टोपी चुरगाळली, "बरंय मग," म्हणाला, आणि जो गेला तो गेलाच. बैठकीच्या आदल्या दिवशी मी त्याच्या भाजीच्या वाफ्यांवर जाऊन धडकले. स्वारी रूबार्बच्या आंबट देठांचे कोंब अंधारात कोवळे वाढावेत म्हणून त्यांच्यावर बादल्या पालथ्या घालत होती.

"लाज वाटते का रे मेल्या?" मी कुंपणाबाहेरूनच सुरुवात केली. "तिकडे दोस्त पडलाय आणि तू बादल्या कसल्या घालतोस?"

"त्याला बोलता येत नाही, मेव्हिस," तो खाली बघत म्हणाला. "जाऊन बोलू काय मी?"

"जन्मात काय बोललात रे तुम्ही दोघं? चार आडवा, सात उभा! तेच बोल."

"ते तूही वाचून दाखवू शकतेस की."

"दाखवलं! ओळ वाचली, उत्तर वाचलं. पेपर ढकलून दिला त्यानं."

क्लिफनं हातातली बादली खाली ठेवली. "उत्तर वाचलंस?"

"हो मग!"

"त्यानं न विचारता? लगेच?"

"त्याला त्रास नको म्हणून..."

"अगं बाई!" क्लिफनं कपाळाला हात लावला. मातीचा पट्टा उमटला तिथे. "माझ्यासारख्या ठोंब्यालासुद्धा त्यानं कधी आयतं उत्तर सांगितलं नाही गं. स्वतःला आलेलं असायचं, माहीत होतं मला, तरी गप्प बसायचा. चहा गार व्हायचा, कॅफेवाली टेबल पुसून जायची, पण थांबायचा. फार तर म्हणायचा, 'क्लिफ, शेवटचा शब्द पुन्हा बघ.' उत्तर सांगून टाकणं म्हणजे समोरच्याला तू संपलास म्हणण्यासारखं आहे, मेव्हिस. आणि तू त्याला ओळीनं सगळी सांगितलीस?"

मी कुंपणाला धरून उभी राहिले. वाईट वाटायला हवं होतं, पण मला वेगळंच काही वाटत होतं. म्हणजे तो रागावला होता! आणि रागवायला माणूस आत असावा लागतो.

"उद्या सकाळी ये," मी म्हटलं. "टाय लावून ये. आणि मेहेरबानी करून रडू नकोस."

आला. टाय होता, हातात पेपरात गुंडाळलेला रूबार्बही होता, जणू हॉस्पिटलात कोणी त्याचा मुरांबा घालणार होतं. रोवेना पलंगाच्या एका बाजूला कागद घेऊन बसली होती. बैठकीआधी तिला एकदा शेवटचं बघायचं होतं. नेव्हिल डोळे मिटून पडला होता. क्लिफनं त्याच्या पुढ्यातल्या फळीवर कोडं पसरलं, खिशातून पेन काढलं आणि घसा खाकरून म्हणाला, "आज घुबड आहे, नेव्हिल. चौदा आडवा. 'चहात काय? पहिला सूर, मागून गाढव.' तीन अक्षरी."

मग तो थांबला. नुसता थांबला. बाहेर ट्रॉल्यांचा खडखडाट चालला होता. रोवेनानं घड्याळाकडे बघितलं. उत्तर माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं, पण मी जीभ दाताखाली धरली. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही.

"मला वाटतं चमचा," क्लिफ अखेर म्हणाला. "चहात चमचा असतो. तो कपाला लागला की टिंग वाजतो, तो पहिला सूर. आणि आपल्या कारखान्यात तो साहेबाचा चमचा होता, आठवतो? गाढवच होता तो. झालं, चमचा!"

आणि त्यानं पेनाचं टोक कागदाला टेकवलं. तो मुद्दाम चुकला की खरंच चुकला, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. क्लिफच्या बाबतीत काही सांगता येत नाही.

नेव्हिलचे डोळे उघडले. त्याचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला आणि क्लिफच्या मनगटावर बसला, घट्ट.

नेमकी तेव्हाच चहावाली आली. "चहा घेणार ना, राजा?" म्हणत तिनं कप फळीवर ठेवला, बशीत साखरेची पुडी. नेव्हिलनं क्लिफचं मनगट सोडलं आणि ती पुडी उचलली.

"साखर हवी का बाळा? थांब, फोडून देते."

माझा जीवच गेला. लग्नाच्या आधीपासून या माणसानं चहात साखर घेतलेली नाही. माझ्या आईनं पहिल्या भेटीत घातली होती, तर त्यानं भिडेखातर एक घोट घेतला आणि उरलेला चहा फर्नच्या कुंडीत ओतला. स्वतःचा चहा विसरला हा! मग मी काय लक्षात राहणार?

"तो साखर घेत नाही," मी कसंबसं म्हटलं. रोवेनाचं पेन कागदावर चाललं.

चहावाली पुडी घ्यायला गेली तर नेव्हिलनं हात मागे ओढला. आणि ती पुडी त्यानं दाणकन कोड्यावर आपटली. चौदा आडव्यावर, बरोबर त्या तीन घरांवर. मग त्यानं तोंड उघडलं. शब्द नाही आला. सूर आला. चॅपलमध्ये गाणं सुरू करायच्या आधी ऑर्गनवाला देतो तसा एकच लांब, स्थिर सूर. तो सूर संपल्यावर त्यानं बोट उचललं आणि सरळ क्लिफच्या छातीवर रोखलं.

"गाताहेत का ते?" रोवेनानं विचारलं.

क्लिफ पुडीकडे बघत होता. मग स्वतःच्या छातीवरच्या बोटाकडे. "पहिला सूर, सा," तो पुटपुटला. "मागून... खर. जुना शब्द आहे, खर म्हणजे गाढव. सा आणि खर, साखर! चहात काय, साखर!" आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे, हा मला गाढव म्हणतोय! बाई, हा मला गाढव म्हणतोय!"

इतक्या आनंदानं कोणी गाढव झालेलं मी बघितलं नाही. टाय डोळ्यांना लावून रडत होता, आणि मी बजावलं होतं रडू नकोस म्हणून. मी त्याला काही बोलले नाही. माझाही रुमाल भिजलेला होता.

रोवेना मात्र हुशार. "हे एकदा झालं," ती म्हणाली, पण तिचा आवाज बदलला होता. "अजून एक वाचाल?"

क्लिफनं नाक पुसलं. "नऊ उभा. 'ठेका हवा तर वेल उलटी करा.' दोन अक्षरी." आणि या वेळी आम्ही सगळेच थांबलो, चहावालीसुद्धा ट्रॉली अडवून थांबली. नेव्हिलनं कपाळाला आठ्या घातल्या. ती आठी! मला तिची पापी घ्यावीशी वाटली. बऱ्याच वेळानं त्यानं डावा पंजा उताणा होता तो पालथा केला आणि बोटांनी फळीवर ठेका धरला. टक टकटक, टक टकटक.

"वेल म्हणजे लता," रोवेना स्वतःशीच म्हणाली. "उलटी केली की... ता, ल. ताल! अय्या!" आणि कागद बाजूला ठेवून ती खुर्ची पुढे ओढून बसली. घ्या, अजून एकीला लागण झाली.

तर बैठक आमच्या बाजूनं झाली. शिकवणीच्या वॉर्डात तो काठी घेऊन चालायला शिकला, डाव्या हातानं जेवायला शिकला, आणि गुलाब फुलले तेव्हा घरी आला. पलंग आम्ही खालच्या पुढच्या खोलीत लावला. रोवेना येत राहिली, क्लिफ तर दहाच्या ठोक्याला दारात. सगळं मनासारखं झालं म्हणाल तर झालं. शब्द तेवढा परत आला नाही. सूर यायचा, हुंकार यायचा, बोट दाखवणं, खुणा करणं, सगळं यायचं. "काहींचे येतात, काहींचे नाही येत," रोवेना म्हणाली होती. मी मान डोलावली आणि फुलांना पाणी घालायला बाहेर गेले.

टोस्टची कड तो अजूनही माझ्या ताटलीत ठेवायचा, डाव्या हातानं, सांडत सांडत. तो समोर बसलेला असायचा आणि मला त्याची आठवण यायची. हे कोणाला सांगायचं? कोणी म्हणेल, बाई, नवरा घरी आला, अजून काय हवं तुला?

सकाळचं कोडं आता आमच्या दोघांचं होतं. मी ओळ वाचायची आणि गप्प बसायचं. मला हे किती जड जायचं म्हणून सांगू! त्यानं खुणेनं सांगितलं की मग मी भरायचं. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. मी चहा ओतता ओतता वाचलं, "'आजी वनराईत हरवली, आयुष्य आत सापडलं.' तीन अक्षरी." आणि तोंडाला कुलूप घालायच्या आतच माझ्याकडून निसटलं, "जीवन!"

झालं. आता हा भिंतीकडे तोंड करणार. मी घाईघाईनं पेन उचललं, म्हटलं भरून टाकावं आणि पुढच्या ओळीवर जावं, म्हणजे त्याला फार लागणार नाही.

त्याचा डावा हात पेनावर आला.

मी वर बघितलं. तो रागावलेला नव्हता. त्याचे ओठ हलत होते, एका बाजूनं जास्त, एका बाजूनं कमी. "क," तो म्हणाला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. "क... क... कसं?"

चहाची किटली माझ्या दुसऱ्या हातात होती ती मी कुठे ठेवली मला आठवत नाही. ज्या शब्दानं पन्नास वर्षं माझं डोकं उठवलं, तोच! माझं नाव नाही, देवाचं नाव नाही, हाच!

"काय म्हणालास?"

"कसं?" तो पुन्हा म्हणाला, आणि या वेळी जरा चिडूनच. बायको रडतेय काय, हसतेय काय, इकडे उत्तर अधांतरी लटकतंय.

"सांगते," मी म्हटलं. "थांब रे बाबा, सांगते." मी खुर्ची त्याच्या अगदी जवळ ओढली, पेपर दोघांच्या मधे धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासाठी ओळीवर बोट ठेवलं. "बघ. आजी वनराईत. यातला 'आ' सोड. मग बघ, 'जी'. पुढच्या शब्दातला 'व'. मग 'न'. बाकीचं सोड. दोन शब्दांच्या मधे लपलंय. जीवन. म्हणजे आयुष्य, तो सरळ अर्थ."

माझ्या बोटामागून त्यानं आपलं बोट फिरवलं. जी. व. न. घाई नाही, काही नाही. पुन्हा एकदा मागे जाऊन तपासलं. मग मान डोलावली आणि पेनावरचा हात काढला.

मी शाई लावली.